गावपळणीतला भाडेकरू

गुरुवारी सकाळी पावणेसहा वाजता अनुजा रावराणे वैभववाडी स्टेशनच्या रस्त्यावरच्या आपल्या दुकानात ताडपत्री शिवत होती. ब्लाउजची बारीक सुई काढून तिने मशीनला जाड सुई लावली होती. निळ्या ताडपत्रीचा भार शेजारच्या स्टुलावर टेकवला होता, तरी तो सारखा घसरत होता आणि वीतभर शिवण झाली की थांबून पुन्हा वर ओढावा लागत होता. बाहेर धुकं होतं. डिसेंबरात घाटाच्या पायथ्याला समुद्राकडच्यापेक्षा जास्त गारठा असतो. अनुजाने नवऱ्याची कानटोपी घातली होती.

ताडपत्र्या तिच्या माहेरच्या होत्या. चिवारे हे तिचं माहेर मालवण तालुक्यात, खाडीला लागून. दर चार वर्षांनी मार्गशीर्षात तिथला गावदेव रवळनाथ कौल देतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री वेस ओलांडून बाहेर राहायला जातं. माणसं जातात, गुरं जातात, कोंबड्या टोपल्यांत घालून नेतात, कुत्र्यांना दोरीने ओढत नेतात. तिन्ही दिवस गावात चूल पेटत नाही, विहिरीत कळशी पडत नाही. चौथ्या दिवशी देवाला फुलांच्या कळ्या लावून पुन्हा विचारतात, आणि उजवी कळी पडली की परत येतात. ह्याला गावपळण म्हणतात. आजूबाजूच्या काही गावांतही ती होते, प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. चिवाऱ्याची माणसं खाडीपलीकडच्या माळावर राहुट्या घालतात आणि त्या राहुट्यांच्या ताडपत्र्या गेल्या दोन खेपांपासून अनुजा शिवून देते.

यंदाची गावपळण शुक्रवारी दुपारपासून होती. आणि चिवाऱ्यात अनुजाने घेतलेल्या घरातला भाडेकरू घर सोडायला तयार नव्हता.

फोन वाजला. थोरला भाऊ बाबली.

"अनू, उठलंस गो?"

"ताडपत्र्यो शिवतंय. तुमच्योच."

"त्यो रवांदेत. घराचा काय?"

"आज जातंय थय."

"जातंय म्हणजे सांगूक जातंस, की रिकामा करूक जातंस?"

अनुजाने पायट्यावरचा पाय काढला. मशीनचं चाक थोडं फिरून थांबलं.

"काल देवळात माका इचारल्यानी," बाबली म्हणाला. "चार माणसांत. मी सांगलंय, माझ्या भयणीचा घर आसा, रिकामा होतला. आता तू बघ."

त्याने फोन ठेवला. बाबली देवळातल्या मानकऱ्यांपैकी एक. गावपळणीच्या दिवशी तो सगळ्यात शेवटी गाव सोडतो, घरोघर फिरून, कड्या बघून. लहानपणी अनुजा वेशीवर उभी राहून त्या शेवटच्या माणसाची वाट बघायची. तेव्हा शेवटी येणारा त्यांचा बाप असायचा.

दोन वर्षांपूर्वी बाबलीचाच असा फोन आला होता. महादू मेस्त्री वारला होता आणि म्हापशाला स्थायिक झालेल्या त्याच्या मुलांना घर विकायचं होतं. चिऱ्याचं, नळ्यांच्या छपराचं, पडवीतून खाडी दिसणारं घर. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने मागणी घातली होती. वाडीला ते नको होतं. त्या घराची वाट दोन शेजाऱ्यांच्या खळ्यांतून, म्हणजे घरापुढच्या अंगणांतून, जाते आणि विहीर चार घरांत मिळून एक. उद्या तिथे बियरच्या बाटल्या घेऊन माणसं उतरली तर सांगायचं कोणाला, असा प्रश्न होता. बाबली देवळासमोर उभा राहून म्हणाला, "घर माझी भयण घेताली. ती गावची आसा. गावाच्या रितीन घर चलवतली." शेजाऱ्यांनी वाट देऊ केली, महादूच्या मुलांनी हॉटेलवाल्याला नकार दिला आणि घर अनुजाला परवडेल अशा भावात मिळालं. त्या भावात बाबलीचा शब्द धरलेला होता. अनुजाला हे तेव्हाही ठाऊक होतं.

तिला ते राहायला नको होतं. तिचा नवरा सत्यवान रेल्वेत ट्रॅकमन. दोघांचं घर वैभववाडीत, दुकानाच्याच मागे. पण वीस वर्षं मशीन चालवून तिचे गुडघे बोलू लागले होते. डॉक्टरांनी पाय थांबवायला सांगितलं होतं. पाय थांबले तर दुसरं काहीतरी चालत राहायला हवं, एवढाच त्या खरेदीमागचा विचार. पतसंस्थेने दुकानाचा गाळा तारण घेऊन कर्ज दिलं. म्हणजे घर भाड्याने गेलं नाही, तर दुकान जाणार, हेही सरळ होतं.

डागडुजीला एक अख्खं वर्ष गेलं. गावभर फणसाची दारं करून देणाऱ्या महादूने स्वतःच्या घराला आंब्याच्या फळ्या मारल्या होत्या आणि त्यांत वाळवी सुखाने नांदत होती. वासे काढले तेव्हा अर्धे हातात भुग्यासारखे आले. अनुजा दर रविवारी पहिल्या एसटीने जायची, दुपारी विहिरीच्या काठावर बसून डबा खायची, संध्याकाळच्या गाडीने परत. गवंडी बोलावलेल्या दिवशी यायचा नाही, न बोलावलेल्या दिवशी येऊन बसायचा. न्हाणीच्या जागी कमोडचं बाथरूम झालं. ओट्याला कडाप्पा आला. खोल्यांना तिने स्वतः शिवलेले पडदे लावले, प्रत्येक खोलीचे वेगळे, आणि पडवीतल्या झोपाळ्यालाही गाद्या शिवल्या.

"घराक इतक्यो साडयो नेसवतंस," सत्यवान म्हणाला, "माका एक शर्ट शिव मगे."

"तू भाड्यान जातंस काय?"

"कोण घेता तर जातंय."

जानेवारीत घर भाड्याने गेलं. पुष्कर खेर, वय अडतीस, डोंबिवलीचा. त्याचं काम घरून, कम्प्युटरवर. सोबत वडील, रंगाच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून उमेदीची वर्षं घालवलेले; त्या रंगांनी त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. डॉक्टरांनी स्वच्छ हवेची जागा शोधायला सांगितली होती. त्यांच्याबरोबर प्राणवायूचं मशीन आलं, लहान फ्रीजएवढं, विजेवर चालणारं. रात्रभर आणि दिवसा काही तास त्याची नळी म्हाताऱ्याच्या नाकाला असायची. पुष्कर दर शनिवारी मशीनची जाळी काढून धुवायचा. भाडं ठरल्या तारखेला येत होतं आणि जसं येत होतं तसं पतसंस्थेत जात होतं. अकरा महिने अनुजाच्या डोक्याला ताप नव्हता.

किल्ली देताना तिने पुष्करला सगळं समजावून सांगितलं होतं. रविवारी विहिरीवरच्या पंपाची पहिली पाळी आपली. वानर येतात, पडवीत केळी ठेवायची नाहीत. पावसात नळे सरकले तर कोणाला हाक मारायची. गावपळणीबद्दल ती बोलली नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नाही. चिवाऱ्यात जन्मलेल्या माणसाला चार वर्षांनी गाव रिकामं होणार हे भरती-ओहोटीसारखं असतं. घर दाखवताना भरतीचं कोण सांगतं? चिवाऱ्यात ह्याआधी कोणी घर भाड्याने दिलं नव्हतं, म्हणून आठवण करून देणाराही कोणी नव्हता.

देवदिवाळीला कौल झाला. अनुजाने फोनवर सांगितलं तेव्हा पुष्कर आधी हसला. त्याला ती जत्रा वाटली. दुसऱ्या फोनला त्याचा आवाज सपाट झाला होता.

"तीन दिवस? बाबांना घेऊन? माळावर?"

"माळावर नको. माझ्या घरी या."

"ताई, करारात हे आहे का?"

"नाही."

"मग विषय संपला ना."

चिवाऱ्यात विषय सुरू झाला होता. अनुजाला तिथून फोन येऊ लागले, कोणी चिडून नाही, हसत हसतच. तिची बालमैत्रीण यशोदा म्हणाली, "गो, रवांदे तेका. राती देव फिराक इलो की तुझो भाडेकरू तेका चाय करून घालीत." मागून बायका हसल्या. मग यशोदाच म्हणाली, "पण खरा सांग, जायत मां तो?" त्या हसण्यापेक्षा हा प्रश्न अनुजाला जड गेला. गावच्या रितीने घर चालवील म्हणून ज्यांनी खळ्यातून वाट दिली होती, त्यांत यशोदाचं घर होतं.

देव रात्री गावात फिरतो यावर अनुजाचा विश्वास होता का? सत्यवानने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माका म्हायत नाय." आणि ते खरं होतं. पण सगळ्यांची दारं बंद असताना एक दार उघडं राहिलं, आणि ते आपलं असलं, तर पुन्हा त्या वेशीतून आत कोणत्या तोंडाने जायचं, हे तिला कळत नव्हतं.

गुरुवारी दुपारी ती चिवाऱ्याला पोचली तेव्हा वाडीत आवराआवर चालू होती. टेंपोत गाद्या, तपेली, गॅसच्या शेगड्या चढत होत्या. एका घरातून टीव्हीसुद्धा निघाला होता. देवळाच्या पारावर चारपाच माणसं बसली होती, त्यांत बाबली. ओमकार नावाचा एक पंचविशीतला मुलगा, ग्रामपंचायतीचा वायरमन, मोठ्याने बोलत होता.

"येवढा काय? सोपा आसा. दुपारी मी डीपी बंद करतंय. लाइट नाय म्हटल्यावर आपोआप भायर पडतले."

अनुजा जागीच थांबली.

"आणि म्हाताऱ्याचा मशीन?" बाबलीने विचारलं.

"ता तेंनी बघूचा."

"मेल्या, अक्कल खंय ठेवलंस?" बाबली उठून उभा राहिला. "माणूस मारून रिकामो केलेलो गाव देवाक व्हयो काय? डीपीक हात लावलंस तर आधी तुका गावाभायर काढीन, चार वर्सां."

बाबली बहिणीजवळ आला आणि आवाज खाली करून म्हणाला, "मी तुका धरून बांधून सांगणंय नाय. पण उद्या दुपारी मी कड्यो बघूक येतलंय. तुझ्या दाराकडे इल्यावर मी काय करू, ता तू माका सांग."

अनुजा महादूच्या घराकडे चालू लागली.

पडवीत म्हातारे खेर झोपाळ्यावर बसले होते. नळी नाकाला होती. मशीन दाराच्या आत ठेवलेलं, त्याचा घरघर आवाज येत होता. पुष्कर आत कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होता.

"या मालकीणबाई," म्हातारे म्हणाले. "आम्हाला हाकलायला आलात?"

"हाकलायला कशाला? बघायला आले."

"बसा." त्यांनी श्वास घेतला. "सकाळपासून बघतोय. सगळे जातात?"

"सगळे."

"कोंबड्यासुद्धा?"

"कोंबड्यासुद्धा."

"मांजरं?"

"मांजरं कोणाचं ऐकतात? ती आपली आपण जातात."

"आणि चोर?"

"चोर असले तरी गावचेच ना काका. तेही बाहेर."

म्हातारे हसले आणि हसता हसता खोकले. खोकला थांबायला वेळ लागला. मग ते पाणी प्यायला आत जायला उठले. झोपाळ्यापासून दारापर्यंतचं अंतर ते काय! तेवढ्यात ते दोनदा थांबले, एकदा खांबाला धरून, एकदा चौकटीला. महिन्यापूर्वी ती आली होती तेव्हा हेच गृहस्थ तिला खळ्याच्या टोकापर्यंत सोडायला आले होते. अनुजाने ते थांबणं पाहिलं. 

पुष्कर बाहेर आला. तो रागावलेला नव्हता, थकलेला होता. "ताई, तुमची अडचण मला कळते. पण यांना हलवायचं म्हणजे काय, ते तुम्ही बघताय. वाटेत बॅटरीवर दोन तास. तिथे लाइट गेली तर?"

"जनरेटर आणून ठेवलाय. मांडववाल्याचा. माझ्या नवऱ्याने मागच्या दाराला उतार करून घेतलाय, पायरी नाही चढावी लागणार. कमोड आहे. दवाखाना जवळ आहे, इथल्यापेक्षा जवळ." तिने हे सगळं एसटीत मनाशी घोकलं होतं आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

"आणि आम्ही नाहीच गेलो तर? काय करतील?"

"काही नाही करणार."

"मग?"

"काही करणार नाहीत," ती म्हणाली. "पण माझ्या भावाने शब्द दिलाय."

पुष्करने कपाळावर हात फिरवला. आतून म्हाताऱ्यांचा आवाज आला. "पुष्कर, जाऊ या रे. सगळं गाव बाहेर आणि आपण दोघं आत, मला झोप नाही लागायची. आणि पडवीत बसून बघायचं कोणाकडे? तीन दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बाबा, तुम्हाला त्रास होईल."

"तो इथेही होतोच आहे."

पुष्कर अनुजाकडे वळला. "तुमच्या जबाबदारीवर, ताई."

"माझ्या जबाबदारीवर," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी व्हॅन आली. पुष्करने घराची किल्ली अनुजाकडे दिली. शेजारच्या बायका राहुट्यांचं सामान तसंच टाकून मदतीला आल्या. कोणी उशी धरली, कोणी औषधांची पिशवी. यशोदाने वाटेत खायला खापरोळ्यांचा डबा दिला. मशीन गाडीत चढवायला बाबलीने स्वतः हात लावला. गाडी निघाल्यावर त्याने महादूच्या घराच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि ती ओढून बघितली. गावात त्या घराला अजून महादूचंच घर म्हणतात.

प्रवास चांगला झाला. म्हातारे खिडकीशी बसले होते आणि कणकवलीपर्यंत त्यांनी रस्त्यातल्या प्रत्येक गावाचं नाव विचारलं. वैभववाडीत दुकानामागच्या खोलीत अनुजाने नव्या चादरीचा पलंग तयार ठेवला होता. मशीन उशाशी लागलं. वीज एकदाही गेली नाही. पहिल्या संध्याकाळी सत्यवान आणि म्हातारे रेल्वेवर बोलत बसले. रुळांना थंडीत काय होतं, हे म्हाताऱ्यांना जाणून घ्यायचं होतं.

"आकसतात," सत्यवान म्हणाला. "पहाटे गस्त घालायची ती त्याच्यासाठीच. कधी कधी तडा जातो."

"म्हणजे माझ्यासारखंच," म्हातारे म्हणाले.

शनिवारी त्यांचा खोकला वाढला. गारठ्याने असेल म्हणून अनुजाने खिडक्या बंद केल्या, दुकानाकडचं दार मात्र उघडंच राहिलं, कारण पलंग दाराच्या आडवा होता. लग्नसराईचं काम तुंबलं होतं, पण म्हातारे आल्यापासून तिने शिलाईचं मशीन लावलं नाही, आवाज नको म्हणून. तिने कपड्यांच्या गठ्ठ्यांवर चादर टाकून ठेवली होती. दुपारी दुकान झाडलंही होतं, पाहुणे आहेत म्हणून नेहमीपेक्षा जास्त वेळ आणि जास्त निगुतीने.

रविवारी उजाडता उजाडता पुष्करने हाक मारली. म्हाताऱ्यांचे ओठ काळसर पडले होते, बोलताना शब्दाशब्दाला थांबावं लागत होतं. मशीन चालू होतं, पण त्याचा आवाज बदलला होता, दबका झाला होता. पुष्करने मागची जाळी काढली. आदल्या दिवशी शनिवार होता, पण परक्या घरात, धावपळीत जाळी धुवायची राहून गेली होती. जाळीवर तंतूंचा जाड थर बसला होता, राखाडी, त्यात लाल आणि निळ्या दोऱ्यांचे बारीक कण. शिंप्याच्या दुकानातल्या हवेत कापडाचा कोंडा चोवीस तास तरंगत असतो. वीस वर्षांत अनुजाला तो दिसेनासा झाला होता. तिने विजेचा विचार केला होता, पायरीचा केला होता, कमोडचा केला होता.

पुष्करने जाळी तिच्यासमोर धरली. मग नळाखाली धुऊन, झटकून परत बसवली.

वैभववाडीच्या डॉक्टरांनी तपासून लगेच कोल्हापूरला न्यायला सांगितलं. ॲम्ब्युलन्स घाट चढत असताना म्हाताऱ्यांनी तोंडावरचा मास्क थोडा बाजूला केला.

"गावात आत्ता कोणीच नाही?"

"कोणी नाही काका," अनुजा म्हणाली. "मास्क लावा."

"बघायला हवं होतं एकदा," ते म्हणाले, आणि मास्क लावला.

सोमवारी दुपारी अनुजा कोल्हापुरातल्या दवाखान्यात अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसली होती. फोन वाजला. मागे ढोल वाजत होते, पोरं ओरडत होती.

"अनू! देवान कौल दिलो. पयल्याच झटक्याक उजवी!" बाबलीचा आवाज चढलेला होता. "सगळी इली घराक. आणि आयक, देवळात तुझा नाव घेतल्यानी. म्हणाले, गावच्या चेडवान गावाची रीत राखली."

"दादा, म्हातारो दवाखान्यात आसा."

ढोल वाजत राहिले.

"काय झाला?"

तिने सांगितलं. जाळीचंही सांगितलं.

"तो गावात रवलो आसतो तरी..." बाबली बोलायला लागला आणि थांबला. मग म्हणाला, "कोणाक म्हायत गो."

"हां. कोणाक म्हायत."

"मी गाऱ्हाणा घालतंय देवाक. आताच घालतंय." ढोलांचा आवाज लांब गेला, तो खरंच देवळाकडे चालला असावा.

डॉक्टरांनीही नक्की काही सांगितलं नाही. थंडी, प्रवास, धूळ, आधीच खालावत चाललेली तब्येत, ह्यातलं काहीही असू शकतं किंवा सगळं मिळून असू शकतं, असं ते म्हणाले. संसर्ग आठवडाभर आधीपासून असण्याचीही शक्यता होती. पुष्करने हे ऐकलं तेव्हा अनुजा शेजारी उभी होती. झोपाळ्यापासून दारापर्यंतचं ते दोनदा थांबणं तिला आठवलं. तिने ते पुष्करला सांगितलं.

"तुम्ही बघितलं होतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मीही बघितलं होतं," पुष्कर म्हणाला.  त्याने हो म्हणायला नको होतं, की तिने विचारायला नको होतं, याचा हिशोब त्यांनी केला नाही. चहा आला तेव्हा त्याने तिचा कप तिच्याकडे सरकवला.

पाचव्या दिवशी म्हाताऱ्यांना साध्या खोलीत हलवलं. आता नळी दिवसाचे चोवीस तास. ते बोलतात, पण थोडं. पुष्करच्या बहिणीने डोंबिवलीत तिच्या घराजवळ तळमजल्याची जागा बघितली आहे. कोल्हापूरहून ते थेट तिकडे जातील. शुक्रवारी पुष्करचा निरोप आला: सामान न्यायला रविवारी टेंपो येईल, किल्ली तिथे कोणाकडे मिळेल? अनामत परत करायची घाई नाही, असंही त्याने लिहिलं होतं. अनुजाने उलट लिहिलं की किल्ली घेऊन ती स्वतः येते.

चिवारे पुन्हा भरलं आहे. चुली पेटल्या, गुरं गोठ्यात गेली, राहुट्यांच्या ताडपत्र्या धुऊन कुंपणांवर वाळत पडल्या. बंद आहे ते एकटं महादूचं घर. त्याच्या कडीला बाबलीने गावपळणीच्या शुक्रवारी हात लावला होता, त्यानंतर कोणी नाही. वाडीतल्या बायकांनी अनुजासाठी देवाचा नारळ ठेवला आहे. पुढच्या महिन्याचा हप्ता कशातून जाणार, हे त्यांनी विचारलेलं नाही, आणि अनुजा त्यांना सांगणारही नाही. दुसरा भाडेकरू येईल तेव्हा त्याला वानरांच्या आधी गावपळणीचं सांगायचं, असं तिने ठरवलं आहे. ते ऐकून तो राहील की नाही, हे तिला माहीत नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबलीने फोन केला. "उद्या पाण्याची पाळी तुझी. काय करू?"

"सामान हलवताना हातपाय धुवूक लागतला. भर टाकी."

उद्या रविवार. अनुजा वैभववाडीहून पहिली एसटी धरेल. ती पोचण्याआधी, सात वाजता, विहिरीवरचा पंप महादूच्या घराकडे सुरू होईल आणि साडेसातला यशोदाच्या घराकडे वळेल.